दसऱ्याचा कॉलम

दसऱ्यानंतर लॅब उघडली त्या सकाळी इम्प्युरिटी नाहीशी झाली होती.

ज्युनियर स्वप्नीलने प्रिंटरमधून आलेला कागद दोनदा पाहिला आणि जवळजवळ धावतच लॅबचे मालक उत्तम सर यांच्या केबिनमध्ये नेला. कागदावर एकच टेकडी होती. दसऱ्याआधी तिच्या उजव्या उतारावर एक छोटा उंचवटा दिसायचा आणि त्याने सगळ्या लॅबची झोप उडवली होती. आज तो कुठेच नव्हता. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद खिडकीपाशी धरला आणि बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले. स्टोअर, चहा आणि देव अशी तीन खाती सांभाळणारे दाजी दारात उभे होते. ते म्हणाले, "देवीनं ऐकलंन. नारळ सरळ फुटला तेव्हाच मी म्हटलं होतं."

"मृणालिनी," सरांनी हाक मारली, "रिपोर्ट तयार कर आणि सही करून टाक. सूरज उद्या न्यायला येतोय."

मृणालिनी लॅबची सीनियर केमिस्ट. रिपोर्टवर तिची सही असल्याशिवाय तो बाहेर जात नसे. तिने फाइलमधून दसऱ्याआधीचा कागद काढला, आजच्या कागदावर ठेवला आणि दोन्ही उजेडाकडे धरले.

"सर, इम्प्युरिटी गेली नाहीये," ती टेकडीकडे बोट दाखवून म्हणाली. "मेन पीक जाड झालंय. ती त्याच्या पोटात लपलीये."

"सणानंतर सगळेच जाड होतात," स्वप्नील म्हणाला. दाजी हसले. मृणालिनी हसली नाही.

लॅब भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावर होती. खालच्या गाळ्यांत स्टीलच्या पातेल्यांना पॉलिश व्हायचं. पट्टे फिरू लागले की वर फळीवरच्या बाटल्या किणकिणायच्या. औषध कंपन्यांचा माल तपासायचा आणि तो चांगला की वाईट ते लिहून द्यायचं, एवढाच धंदा. त्यातला निम्मा माल सूरज भोईर नोकरीला होता त्या कंपनीचा, म्हणजे रक्तदाबाच्या गोळ्यांत जाणारी पांढरी पूड.

लॅबच्या मधोमध जे यंत्र होतं त्याचं काम मिसळलेल्या वस्तू वेगळ्या करण्याचं. त्यात वीतभर लांबीची पोलादी नळी असते, ती कॉलम. तिच्यात पिठाहून बारीक भुकटी ठासून भरलेली. औषधाचा थेंब एका टोकाने सोडायचा आणि पंपाने मीठ मिसळलेला द्रव ढकलत राहायचं. नव्या मुलांना मृणालिनी बाजाराचं उदाहरण द्यायची. दोन बायका एकाच वेळी बाजारात शिरल्या. एक दर भाजीवालीपाशी थांबते, दुसरी नुसती नजर टाकत पुढे सरकते. पलीकडच्या टोकाला दोघी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडणारच. यंत्र त्या टोकाला पहारा करत बसतं आणि जी बाहेर येईल तिची कागदावर टेकडी काढतं. लॅबमध्ये त्या टेकडीला पीक म्हणतात. पण या पुडीतलं मूळ औषध आणि त्यातली इम्प्युरिटी म्हणजे जुळ्या बहिणी. दोघींच्या आवडी सारख्या, थांबे सारखे. एक बाहेर पडते न पडते तोच दुसरी. त्यांना वेगळं ओळखायचं तर बाजार शिस्तीचा हवा. तोंडाशीच खड्डा पडून रेटारेटी झाली तर दोघी एकाच घोळक्यात बाहेर येतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, एकच आली.

खड्डा कसा पडला ते शोधायला मृणालिनीला फार लांब जावं लागलं नाही.

खंडेनवमीला लॅबमध्ये यंत्राची पूजा होते. दाजी मुहूर्त काढून आणतात. यंत्राला झेंडूची माळ, हळदकुंकू, पुढे रांगोळी, नारळ, आणि मग मेन स्विच खाली. हत्यारं देवापुढे ठेवली की दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्याआधी कॉलममधलं मिठाचं पाणी नीट धुऊन काढायचं, हा दरवर्षीचा शिरस्ता. यंदा सूरजच्या मालाची घाई होती, म्हणून यंत्र मुहूर्ताच्या क्षणापर्यंत चालूच राहिलं. दाजींनी घंटा वाजवली, सरांनी नारळ फोडला, स्विच खाली गेला, पेढे वाटले गेले. कॉलम पोटातल्या मिठानिशी देवापुढे बसला. एसी बंद, ऑक्टोबरचा उकाडा, वर सुट्टी. साचलेलं खारं पाणी आतली भुकटी खात राहिलं आणि तोंडाशी खड्डा पडला. धुवायचं राहिलंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मृणालिनीच्याही नाही. ती रांगोळीतल्या मोराचा पिसारा भरत होती.

"चूक माझीही आहे," तिने सरांना सगळं सांगून झाल्यावर म्हटलं. "पण हा कॉलम संपलाय. याच्यावर केलेली टेस्ट म्हणजे मोतीबिंदू झालेल्या माणसाला पहाऱ्यावर बसवणं."

"मेथड कुणी दिली आपल्याला?"

"सूरजच्या कंपनीने."

"त्यात कॉलम किती चांगला हवा, दोन पीक एकमेकांपासून किती लांब हवेत, काही लिहिलंय?"

"नाही. आणि ती त्यांच्या मेथडमधली खोट आहे."

"खोट त्यांची. आपण मेथड पाळली, यंत्राने एकच पीक दिलं. मी तुला हाताने रेघ ओढायला सांगितली? आजवर कधी सांगितली?"

नव्हती सांगितली, हे खरंच होतं. उंचवटा नकोसा झाला की संगणकावर हाताने रेघ ओढून तो मेन पीकमध्ये ढकलून द्यायचा, ही युक्ती या धंद्यात पोराटोरांनाही ठाऊक. उत्तम सरांनी ती करणाऱ्या एका केमिस्टला भर दुपारी जिना दाखवला होता. मृणालिनीला पंप उघडायला, झडप बसवायला, कागदावरच्या टेकडीचा उतार बोटाने वाचायला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणून तर त्यांच्या तोंडून आज निघालेलं वाक्य तिला जास्त झोंबलं.

"तुम्ही रेघ ओढायला सांगत नाही, सर," ती म्हणाली. "पण कॉलमने ओढलेली तुम्हाला चालतेय."

स्वप्नीलने एकाएकी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दोन्ही कागदांवर ठेवला.

"सूरज उद्या येईल," ते म्हणाले. "तोपर्यंत तुला जे करायचं ते कर. नवीन कॉलम मिळणार नाही. आणि तो रिकाम्या हाताने परत जाणार नाही, हे ध्यानात ठेव."

नवीन कॉलम मिळणार नव्हता, पण जुन्या कपाटात एक पडून होता. बंद पडलेल्या एका कामासाठी आणलेला, आणखी बारीक भुकटीचा, धुऊन दोन्ही टोकांना बूच लावून ठेवलेला. तो तिने स्वतःच ठेवला होता, त्यामुळे शोधावा लागला नाही. दसऱ्याचा कॉलम तिने उतरवला, बाजूच्या ट्रेमध्ये ठेवला आणि हा चढवला. पंप सुरू करताच दाब भराभर वाढला, लाल दिवा लागला आणि यंत्र आपणहून थांबलं.

"भुकटी बारीक म्हणजे वाट चिंचोळी," ती स्वप्नीलला म्हणाली. "ढकलायचं कमी करू. हळू जाऊ दे."

"हळू गेलं तर वेळ लागेल, मॅडम."

"लागू दे. घाई करून काय झालं ते बघतोयस ना?"

वेग कमी केल्यावर यंत्र चाललं. कागदावर उंचवटा परत आला, पण अजून मेन पीकच्या खांद्यावर हात टाकून. मग तिने कॉलमच्या पुढचा भाग न्याहाळला. कॉलमपासून पहारा करणाऱ्या डिटेक्टरपर्यंत जाणारी नळी कुणीतरी कधीकाळी लांबलचक आणि जाड बसवली होती, वेटोळं घातलेली. बाजारात वेगळ्या झालेल्या बहिणी बाहेरच्या मोकळ्या पटांगणात पुन्हा गप्पा मारत एकत्र येणार, नाहीतर काय? तिने ते वेटोळं काढून अरुंद, आखूड तुकडा बसवला. सुईतून सोडायच्या थेंबाचा आकार कमी केला. कॉलम जरा कोमट ठेवला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कागद निघेपर्यंत दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. स्वप्नीलला तेवढा धीर नव्हता. तो मध्येच खाली जाऊन पॉलिशवाल्यांशी हिंदीत क्रिकेटचा निकाल लावून आला.

तो परत आला तेव्हा कागदावर दोन टेकड्या होत्या. मधली दरी जमिनीला टेकलेली.

"आयला," स्वप्नील म्हणाला. "ही तर धाकटी बहीण नाहीये. मोठीच आहे की."

खरं होतं. मोकळी उभी राहिल्यावर इम्प्युरिटी पूर्वीपेक्षा उंच दिसत होती. दसऱ्याआधी फक्त तिचा अर्धा खांदा दिसत होता. तेव्हा माल मर्यादेच्या काठावर वाटला होता. आता तो मर्यादेच्या चांगलाच बाहेर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांती नगरच्या घरी तिच्या आईने, मंदाताईंनी, पानात घावन वाढता वाढता विचारलं, "सही करणार नाहीस म्हणजे नोकरी सोडणार?"

"सोडणार नाही. काढलं तर जाईन."

"कुठे? तळोज्याला? इथे दुपारची जेवायला घरी येतेस, माझ्या गुडघ्याला तेल लावून जातेस. तिथून येशील?"

"डबा नेईन. तेल रात्री लावीन."

"सगळ्याला उत्तर तयार तुझं," मंदाताई म्हणाल्या आणि दुसरं घावन जरा जोरातच तव्यावर ओतलं. "खा. भांडायला जातेस तर पोट भरून तरी जा."

सूरज दुपारी आला. कंपनीच्या गुणवत्ता विभागातला तरणाबांड माणूस, हातात हेल्मेट, खिशात वाजणारे दोन मोबाइल. तो आल्या आल्या म्हणाला, "सर, मानलं तुम्हाला. फोनवर ऐकलं, साफ आलाय माल. आमच्या साहेबांनी तिकडे गाडीपण लावून ठेवलीये. मॅडम, पटकन सही मारा, मी उडतो."

मृणालिनीने दोन टेकड्यांचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

सूरजने तो पाहिला आणि खुर्चीत मागे सरकला. "हा कुठला कॉलम?"

"आमच्याकडचाच. बारीक भुकटीचा."

"मॅडम, हे आमच्या मेथडमध्ये नाही ना. तुम्ही भिंग लावून बघाल तर कुणाच्याही तोंडावर डाग दिसतील. मेथडप्रमाणे माल पास आहे. सर, आहे की नाही?"

"मेथडप्रमाणे आहे," सर म्हणाले. त्यांनी मृणालिनीकडे पाहिलं नाही.

"संपलं मग. आणि स्पष्टच बोलतो, राग नका मानू. इथे नाही झालं तर वसईला लॅब आहे, बोईसरला आहे."

"जा की," मृणालिनी म्हणाली. "फक्त त्यांना सांगा, टेस्ट करायच्या आधी कॉलमची पूजा घाला आणि धुऊ नका. नाहीतर तिथेही फेल होईल."

स्वप्नीलला ठसका लागला. सर उठून उभे राहिले. "मृणालिनी, पुरे. रिपोर्ट आण इकडे."

"आणते. आधी एक करू. सूरजभाऊंच्याच मेथडने, आपल्याच दसऱ्याच्या कॉलमवर." ती फ्रीजपाशी गेली आणि बोटाएवढी एक बाटली घेऊन आली. सूरजच्याच कंपनीने ती पाठवली होती. तिच्यात निव्वळ इम्प्युरिटी होती, ओळख पटवण्यासाठी दिलेली. "सूरजभाऊ, तुमच्या मालाचं द्रावण हे. यात ही इम्प्युरिटी तुमच्या हाताने टाका. मर्यादेच्या दुप्पट टाका. मग मशीनला विचारू. त्याला ती दिसली तर मी आत्ता सही करते, आणि तुमची माफी मागते."

"आणि नाही दिसली तर?"

"तर या रिपोर्टवर कुणीच सही करणार नाही."

सूरजने सरांकडे पाहिलं. मृणालिनीनेही पाहिलं. सरांना नाही म्हणता आलं असतं. लॅब त्यांची, यंत्र त्यांचं. पण सर मुळात केमिस्ट होते, आणि असा प्रश्न समोर ठेवल्यावर उत्तर न बघता उठून जाणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं.

"कॉलम चढव," ते स्वप्नीलला म्हणाले. मग सूरजला, "दुप्पट म्हणजे थोडी नाही. शेपटी तरी दिसेलच. दिसली की विषय संपला."

दसऱ्याचा कॉलम पुन्हा चढला. यंत्र स्थिर होईपर्यंत दाजींचा चहा आला. सूरजने शर्टाच्या बाह्या वर सारून स्वतः पिपेट धरली. त्याचा हात सराईत होता. तो काही खुर्चीवर बसून मोठा झालेला माणूस नव्हता. त्याने मोजून टाकलं, बाटली हलवली, आणि सुईत भरून स्वतःच यंत्रात सोडलं. मग सगळे संगणकाच्या पडद्यासमोर उभे राहिले. पडद्यावरची रेघ बराच वेळ सपाट पळत होती. खाली पॉलिशचे पट्टे फिरत होते.

रेघ वर चढायला लागली. चढली, माथ्यावर पोहोचली, उतरायला लागली. उजव्या उतारावर सगळ्यांचे डोळे खिळले. उतार लांब होता, ढेपाळलेला होता, पण त्यावर उंचवटा नव्हता. साधी खाचही नव्हती. रेघ जमिनीला टेकली आणि सपाट पळू लागली.

प्रिंटरमधून कागद आला. एकच टेकडी. इम्प्युरिटीच्या रकान्यात यंत्राने छापलं होतं, आढळली नाही.

दाजींनी मान पुढे काढून पाहिलं. "म्हणजे ह्यात पण नाही?"

"आहे, दाजी," मृणालिनी म्हणाली. "ह्यांनी आत्ता आपल्या हाताने टाकलीये."

"जे टाकाल ते पास," स्वप्नील पुटपुटला. "मशीन लय मनमिळाऊ झालंय."

सूरजचा एक मोबाइल वाजला, त्याने पाहिला आणि वाजू दिला. मग तो तयार रिपोर्ट उचलून सरांना बाहेरच्या पॅसेजमध्ये घेऊन गेला. तिथून त्याचा आवाज तुकड्या-तुकड्याने येत होता. गाडी उभी आहे. साहेब मला खाणार. यात मॅडमच्या ट्रिकचा काय संबंध, मेथड ती मेथड. तुम्ही करा ना सही, सर, तुमची एकट्याची चालेल आम्हाला. सरांचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने जिन्यावर बूट वाजले, खाली मोटरसायकल सुरू झाली आणि सर एकटेच आत आले. हातातल्या रिपोर्टवर सही नव्हती.

त्यांनी तो टेबलावर ठेवला. फाडला नाही. "खूश?" त्यांनी विचारलं. "तो आता परत येणार नाही. लॅबचं निम्मं काम आज जिन्यावरून खाली गेलं. या पोराचा पगार, दाजींचा पगार, तुझा पगार. तुझा हट्ट पुरा झाला?"

"नाही," मृणालिनी म्हणाली.

"अजून काय राहिलंय?"

"मागच्या बॅचेस राहिल्यात, सर. या कंपनीच्या आपण आजवर पास केलेल्या. तेव्हा कॉलम चांगला होता, पण वेटोळ्याची नळी तीच होती. तेव्हाही आपल्याला अर्धा खांदाच दिसत असणार. काठावर पास झालेल्या कितीतरी असतील."

स्वप्नीलने हातातली बाटली खाली ठेवली.

"त्या पास झाल्यात," सर म्हणाले.

"आपण पास केल्यात."

"माल बाजारात गेला, गोळ्या झाल्या, लोकांनी खाल्ल्या. तू आता ती कबर उकरणार? कळतंय का तुला, त्यात सूरजची कंपनी जाईल ते जाईल, आपलं नाव पहिलं जाईल. माझं नाव. त्या रिपोर्टांवर तुझ्या सहीखाली माझी सही आहे."

"वर माझी आहे," ती म्हणाली. "पहिलं नाव माझंच जाईल. म्हणूनच म्हणतेय, दुसऱ्या कुणी शोधण्याआधी आपण शोधू आणि आपणच कळवू. चुकलो असू तर मोजून सांगू, किती चुकलो ते. गोळ्या अजून दुकानांत असतील तर परत मागवता येतील. कदाचित चुकलो नसू. पण ते बघितल्याशिवाय मी तसं नाही म्हणणार, आणि तुम्हीही म्हणू नका."

"मशीनला हात लावायचा नाही. मी सांगतोय."

मृणालिनीने पाना उचलला. दसऱ्याच्या कॉलमचं टोक तिने सैल केलं, तो उतरवला आणि त्यावर पेनने ठळक फुली मारून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग बारीक भुकटीचा कॉलम चढवला. तिचे हात सावकाश चालले होते. आटे चुकले तर गळती होते, हेही सरांनीच शिकवलं होतं.

"ऐकू आलं ना तुला?"

"आलं. मला काढायचं तर काढा, सर, पत्र द्या. मी खाली उतरेन. नाही काढलं तर मी माझं काम करतेय." तिने पंप सुरू केला. दाब हळूहळू चढला, लाल दिव्याच्या अलीकडे थांबला. "आणि पत्र टाइप व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत दोन-तीन बॅचेस होतील."

दाजी दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. ते सरांना म्हणाले, "पोरगी ऐकायची नाही, सायेब. हिला तुम्हीच शिकवलीत ना?"

सर केबिनमध्ये गेले. दार लावलं नाही. खुर्चीचा आवाज आला, पण कीबोर्डचा किंवा फोनचा आला नाही.

पुढच्या खोलीत लोखंडी कपाट होतं. तपासलेल्या प्रत्येक बॅचचा थोडा माल त्यात बंद बाटलीत राखून ठेवलेला असायचा, पुढेमागे वाद झाला तर असावा म्हणून. वाद असा घरातूनच सुरू होईल हे कपाट घेताना कुणाच्या डोक्यात नसावं. स्वप्नीलने चावी घेतली, दाराशी जाऊन उभा राहिला आणि केबिनकडे एक नजर टाकून हळूच विचारलं, "मॅडम, कुठल्या आणू?"

"सगळ्या आण," मृणालिनी म्हणाली. "सर्वांत जुनी आधी."